पळसदेव: सुट्टीत मुलांना दाखवावं असं पाण्यातलं मंदिर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरांना घेऊन कुठे जायचं? वॉटर पार्क, नाहीतर महाबळेश्वर. यंदा पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणच्या पुढे पळसदेवला थांबून बघा.

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. माणसं वर येऊन वसली, देवासाठीही नवं मंदिर बांधलं. पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर मात्र तिथेच राहिलं. उजनी खोल ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे मृतसाठाही उपसला गेला, की ते उघडं पडतं. आपली सहल म्हणजे इथल्या शेतकऱ्याची टंचाई. हे पोरांनाही सांगा, कळतं त्यांना.

तिथले वीरगळ म्हणजे दगडातलं कॉमिकच! फक्त खालून वर वाचायचं: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला स्वर्गात नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय.

पाणी जास्त असेल तर होडी लागते. 21 मे 2024 ला याच जलाशयात, कळाशी-कुगाव दरम्यान, वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. त्यात लहान मुलंही होती. त्यामुळे लाइफ जॅकेट नसेल किंवा वारा सुटला असेल, तर सरळ काठावरूनच शिखर दाखवा.