मगनवाडीचा कोंडा आणि रात्रीची झोंप

पोटाचा आणि झोंपेचा कांहीं तरी संबंध आहे, हें सांगावयास आपल्याकडे कोणा विद्वानाची गरज कधीं पडली नाहीं. रात्रीं जड जेवण झालें कीं कूस पालटीत पहाट होते, आणि जागरण घडलें कीं दुसऱ्या दिवशीं अन्नावरची वासना उडते, हा घरोघरचा अनुभव आहे. चरकसंहितेंत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ म्हणून सांगितले आहेत. झोंप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला अग्रस्थान दिलें आहे, आणि रात्रीं दहीं खाऊं नये असेंहि बजावलें आहे. परंतु पोटांतील नेमकी कोणती वस्तु झोंपेवर सत्ता चालविते, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. त्या प्रश्नाच्या इतिहासांत वर्धा जिल्ह्याचेंहि एक प्रकरण आहे, आणि तें प्रयोगशाळेंत न घडतां स्वयंपाकघरांत घडलें.

१९३४ सालच्या अखेरीस वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग आणि तींतील घर संघास दिलें. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नांवावरून ती जागा मगनवाडी म्हणून ओळखली जाऊं लागली. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. घाणीचें तेल, हातकागद, गूळ, मधमाशा हे संघाचे उद्योग सर्वांना ठाऊक आहेत. पण सर्वांत जिव्हाळ्याचा उद्योग होता तो जात्याचा आणि उखळाचा. गिरणींत घांसून पांढराशुभ्र केलेल्या तांदुळाऐवजीं हातसडीचा तांदूळ आणि मैद्याऐवजीं कोंड्यासह दळलेलें पीठ खावें, असा संघाचा आग्रह होता. त्यामागें अर्थशास्त्र होतें, तसें वैद्यकहि होतें. निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं निरनिराळ्या प्रांतांचें जेवण पांढऱ्या उंदरांस खाऊं घालून त्यांची वाढ ताडून पाहिली होती. पोळी, दूध, डाळ व भाजी असें शिखांचें जेवण पहिलें आलें, घांसलेल्या तांदुळावर गुजराण करणारें मद्रासकडील शेवटीं, आणि मराठ्यांचें मधें कोठें तरी. निकस अन्नाचा पहिला घाव आंतड्यावर पडतो, हें त्यांनीं त्यापूर्वींच माकडांवरील प्रयोगांवरून दाखविलें होतें.

मगनवाडींतील मंडळींनीं असा प्रयोग स्वतःवरच चालविला. १९३५ सालीं तेथें सोयाबीन शिजलें, हिरवा पाला कच्चाच ताटांत आला, चिंच आली आणि कडुलिंबाची चटणीहि आली. तिची चव घेतलेले पाहुणे ती सहसा विसरत नसत! प्रयोगांचे अनुभव ‘हरिजन’ पत्रांत छापले जात. खाणारांचें वजन, पचन, कोठा साफ होणें न होणें याची चौकशी गांधीजी एखाद्या दाईच्या आस्थेनें करीत, आणि त्यांत त्यांना संकोच कसला तो वाटत नसे.

या आस्थेमागें त्या काळाचें एक सर्वमान्य मत उभें होतें. पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील एली मेचनिकॉफ यांस १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शरीरांतील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा त्यांचा शोध त्याचें कारण होता. (मुंबईस १८९७ सालीं प्लेगाची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य.) याच मेचनिकॉफांनीं असें प्रतिपादिलें कीं, मोठ्या आंतड्यांत साठलेला मळ तेथील जंतु कुजवितात, त्यांतून विषें निघून रक्तांत भिनतात, आणि माणूस अकालीं म्हातारा होतो, यावर तोडगा म्हणजे बल्गेरियांतील शेतकऱ्यांप्रमाणें आंबट दहीं खाणें. पाहतां पाहतां डोकेदुखी, ग्लानि, चिडखोरपणा आणि निद्रानाश हे सारे या ‘स्वयंविषबाधे’च्या खात्यावर मांडले जाऊं लागले. लंडनचे शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन यांनीं तर जुनाट बद्धकोष्ठाच्या रोग्यांचें मोठें आंतडेंच कापून काढण्याचा सपाटा लावला.

गांधीजी शस्त्राच्या वाटेस गेले नाहींत. त्यांनीं माती धरली. दक्षिण आफ्रिकेंत त्यांना बद्धकोष्ठाचा विकार होता व ते त्यासाठीं फ्रूट सॉल्ट घेत. पुढें आडोल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचें पुस्तक वाचून त्यांनीं ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवण्यास सुरुवात केली. १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान वाड्यांत बंदिवासांत लिहिलेल्या आरोग्यावरील पुस्तिकेंत त्यांनीं ही पट्टी तीन इंच रुंद, सहा इंच लांब व अर्धा इंच जाड असावी, माती खत न घातलेल्या जागेची व चाळलेली असावी, इतका तपशील दिला आहे. त्याच पुस्तिकेंत आकाशाखालीं, उघड्यावर निजण्याचीहि शिफारस आहे. सेवाग्रामास त्यांचें स्वतःचें अंथरूण उघड्यावरच असे, आणि मनांत येतांच झोंपीं जाण्याची त्यांची हातोटी सहकाऱ्यांच्या कौतुकाचा विषय होती.

तरी वर्ध्याचें वास्तव्य कांहीं केवळ आरोग्याचें नव्हतें. १९३५ च्या डिसेंबरांत अतिश्रमानें गांधीजींचा रक्तदाब वाढला व त्यांना कांहीं आठवडे सक्तीची विश्रांति घ्यावी लागली. १९३८ सालीं विनोबांचीहि प्रकृति अशी ढांसळली कीं ते पवनारास धाम नदीच्या काठीं जाऊन राहिले. सर्व कामांचे विचार सोडल्याचा संकल्प करून त्यांनीं पूल ओलांडला, शेतांत थोडें थोडें खणूं लागले, आणि औषधावांचून त्यांचें वजन वाढलें. चित्त निवळलें तेव्हां अन्न अंगीं लागलें; पोटाचा व मेंदूचा व्यवहार दोन्हीं बाजूंनीं चालतो याचें इतकें उघड उदाहरण शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. उलट १९४४ च्या मे महिन्यांत गांधीजींची सुटका झाल्यावर तपासणींत त्यांच्या पोटांत अंकुशकृमि आणि अमीबा आढळले. मातीच्या पट्टीला जें दिसत नव्हतें तें सूक्ष्मदर्शकाला दिसलें, हेंहि या इतिहासांतून वगळतां येत नाहीं.

इकडे स्वयंविषबाधेचें मत तोंवर निष्णातांच्या दरबारांत पडलेंहि होतें. १९२२ सालीं अमेरिकेंत डोनाल्डसन यांनीं कांहीं निरोगी माणसांच्या गुदमार्गांत कापसाचे बोळे ठेवले. थोड्याच तासांत त्यांना डोकेदुखी, अस्वस्थता, मरगळ अशीं बद्धकोष्ठाचीं सारीं लक्षणें जाणवूं लागलीं, आणि बोळे काढतांच तीं नाहींशीं झालीं. कापसांत विष कोठून येणार? लक्षणें दाबामुळें उद्भवत होतीं. ज्या जिल्ह्याचें सारें वैभव कापसावर उभें होतें, तेथें कोठ्यांतील विषाची भीति मात्र त्यानंतरहि कितीतरी वर्षें नांदली.

येथें हा विषय संपावयाचा. पण तो दुसऱ्याच वाटेनें परत आला. जपानांत इशिमोरी यांनीं १९०९ सालीं आणि फ्रान्सांत पिएरों यांनीं १९१३ च्या सुमारास असें पाहिलें कीं, सक्तीनें जाग्या ठेवलेल्या कुत्र्याच्या मेंदूंतील रस दुसऱ्या कुत्र्यास टोंचला तर तो झोंपतो. म्हणजे जागरणांत झोंपेचें कांहीं द्रव्य सांचत असावें. मेंदूंतील विद्युल्लहरींवरून झोंपेच्या पायऱ्या लूमिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३७ सालीं ठरविल्या.  १९६७ पासून हार्वर्ड विद्यापीठांत पापेनहायमर यांनीं हा जुना धागा पुन्हा उचलला. त्यांनीं प्राणी निवडला तो बकरी. सेवाग्रामांत या प्राण्याचा किती मान होता हें सांगावयास नकोच. जाग्या ठेवलेल्या बकऱ्यांच्या मेंदूभोंवतालच्या रसांत निद्राजनक द्रव्य सांपडलें. तें शुद्ध रूपांत मिळविण्यासाठीं पुढें हजारों लिटर मानवी मूत्र गाळावें लागलें, आणि १९८२ सालीं ओळख पटली. तें निघालें म्युरामिल पेप्टाइड. हें द्रव्य मनुष्याच्या पेशी बनवीतच नाहींत. तो जंतूंच्या कवचाचा एक तुकडा आहे. शरीरांत जंतूंचा सर्वांत मोठा सांठा आंतड्यांत. तेव्हां झोंपेचा एक दूत तेथून निघत असावा, हा तर्क ओघानेंच आला.

आंतड्यांतील जंतु विष कालवितात म्हणून झोंप उडते, हें जुनें मत; नव्या शोधांत जंतूंकडेच झोंप आणण्याचें काम आलें. मगनवाडीच्या कोंड्याचें महत्त्वहि असेंच पालटलें. कोंडा मळ पुढें ढकलतो, म्हणून तो चांगला, अशी त्या वेळची समजूत होती. तो स्वतः पचत नाहीं हें खरेंच. परंतु आपल्याला न पचणारा तंतु मोठ्या आंतड्यांतील जंतूंचें अन्न होतो, आणि त्यापासून ते ब्युटिरेटासारखीं आम्लें तयार करतात. २०१९ सालीं उंदरांस ब्युटिरेट देणारें द्रव्य पाजलें असतां पुढील चार तासांत त्यांची गाढ, स्वप्नरहित झोंप जवळजवळ निम्म्यानें वाढली. माणसांत २०१६ सालीं २६ निरोगी व्यक्तींच्या पाहणींत असें दिसलें कीं, ज्या दिवशीं आहारांत तंतु अधिक त्या रात्रीं गाढ झोंपेचा वांटा अधिक. हे पुरावे थोडे आहेत. उंदरांपासून माणसापर्यंतची वाट लांब आहे आणि २६ माणसें म्हणजे एक पंगतसुद्धां भरत नाहीं. शरीरांतील नव्वद टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आंतड्यांत तयार होतें, आणि २०१५ च्या प्रयोगांत उंदरांच्या आंतड्यांतील कांहीं जंतु त्याच्या निर्मितीस चालना देतात असें ठरलें, यावरून दह्याच्या वाटीनें निद्रानाश जातो असें जाहीर करणारे पुष्कळ निघतात. पण आंतड्यांतील सेरोटोनिन मेंदूच्या वेशीवरच अडतें. तें सरळ आंत जाऊं शकत नाहीं, हें ते सांगत नाहींत.

मगनवाडीकर बरोबर होते काय? कोंड्याच्या बाबतींत होते. त्याचें कारण त्यांना ठाऊक नव्हतें आणि त्या वेळीं जगांत कोणासहि ठाऊक नव्हतें. मातीच्या पट्टीबद्दल तसें म्हणतां येत नाहीं. तिनें थंडावा मिळे व मनुष्य कांहीं वेळ निमूटपणें पडून राही, इतकें श्रेय तिला देण्यास हरकत नाहीं.

परंतु वर्ध्याच्या या साऱ्या खटाटोपांत सर्वांची दृष्टि ताटावर खिळलेली असतां एक गोष्ट भिंतीशीं उभी होती, ती घंटा. आश्रमांत पहाटे चारच्या सुमारास प्रार्थनेसाठीं उठावयाचें आणि रात्रीं लवकर निजावयाचें. गांधीजींनीं तर १९१५ सालीं हरिद्वारच्या कुंभमेळ्यांत व्रत घेतलें होतें कीं, दिवसांत पांचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहींत आणि अंधार पडल्यावर कांहींहि खावयाचें नाहीं. त्या व्रतामागें संयमाचा हेतु होता. जंतूंचा विचार कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता. २०१४ सालीं इस्रायलांतील वायझमन संस्थेंत असें दिसून आलें कीं, आंतड्यांतील जंतूंनाहि दिवसरात्र असते. त्यांची संख्या व त्यांचें काम तासातासाला पालटतें, आणि यजमानाच्या झोंपेची व जेवणाची वेळ विसकटली कीं त्यांचाहि ताल मोडतो. ज्या उंदरांचें शरीरांतील घड्याळच बिघडविलेलें होतें, त्यांस ठराविक वेळींच अन्न दिलें असतां त्यांच्या जंतूंचा ताल पुन्हा बसला. अमेरिकेहून विमानानें आलेल्या, झोंप उलटीपालटी झालेल्या माणसांचे जंतु जंतुरहित उंदरांच्या पोटांत घातले, तेव्हां ते उंदीर लठ्ठ होऊं लागले व त्यांच्या रक्तांतील साखर वाढली. पुढें स्वीडनांत अवघ्या दोन रात्रींच्या अपुऱ्या झोंपेनें नऊ पुरुषांच्या आंतड्यांतील जंतूंचें प्रमाण ढळलेलें आढळलें. २०२० सालीं तर हार्वर्ड येथें माशांवर प्रयोग झाला. झोंपेवांचून ठेवलेल्या माशा मरत होत्या, आणि त्यांच्या शरीरांत बिघाड सांपडला तो मेंदूंत नव्हे, आंतड्यांत.