खारबंदिस्ती ते कांदळवन : अलिबाग किनाऱ्यावरील लोकव्यवस्थेचा इतिहास

नागरी भागातील निसर्गसंवर्धन आणि लोकसहभाग यांची चर्चा बहुधा अलीकडच्या कायद्यांपासून सुरू होते. 74 व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षणाचा विषय नगरपालिकांच्या कार्यकक्षेत आणला. जैवविविधता अधिनियम, 2002 ने प्रत्येक स्थानिक संस्थेस व्यवस्थापन समिती नेमण्यास सांगितले. मात्र मुंबईच्या समोरच असलेल्या अलिबाग तालुक्यात समुद्र व शेत यांच्यातील सीमा सांभाळण्याची लोकव्यवस्था या कायद्यांहून कितीतरी जुनी आहे. शहरातील संवर्धनाचे नियम तेथे पोहोचल्यावर काय घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अक्षी व रेवदंडा यांच्या दरम्यान वसलेल्या नागावला समुद्रालगत नारळ-सुपारीच्या वाड्या आणि त्यांना जगविणाऱ्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्याच तालुक्याच्या पूर्व अंगास, धरमतर खाडीलगत, खारेपाट पसरला आहे. दोन्हीकडे जगण्याची अट एकच : खारे पाणी आत येता कामा नये. वाडीत ही काळजी ज्याची विहीर त्याने घ्यावयाची. खारेपाटात मात्र एकट्याने बांध घालणे शक्यच नव्हते. भरती रोखणारा बाहेरचा बांध, पावसाचे पाणी ओहोटीस सोडणारी उघाडी आणि वेळच्या वेळी दुरुस्ती हे सारे सामुदायिक काम होते. शेतकरी ‘जोळ’ पद्धतीने श्रम देत. शिलोत्री जमिनीवर बांधाच्या राखणीचा भार शिलोत्रीदाराकडे असे व त्यासाठी कुळांकडून भाताचा हिस्सा घेतला जाई. जमीन, श्रम आणि दुरुस्तीचा खर्च यांचा हिशेब गावातच होत होता, हे या व्यवस्थेचे खरे बळ होय.

तथापि ती समतेची व्यवस्था होती असे मानण्याचे कारण नाही. बांधावर राबणारे कूळ आणि धान्य उचलणारा खोत यांच्यातील अंतर किती होते, हे चरीच्या संपाने दाखवून दिले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सुमारे सहा वर्षे या परिसरातील कुळांनी जमिनी कसल्या नाहीत. पुढे कुळकायदा आला, खोती गेली. ते न्याय्यच होते. परंतु बांधाचे उत्तरदायित्व ज्या चौकटीत उभे होते ती चौकटही त्याबरोबर मोडली. 1948 च्या मुंबई खारभूमी अधिनियमाने व नंतर 1979 च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने हे काम शासकीय यंत्रणेच्या कक्षेत आले. पूर्वी खांड पडली की माणसे मातीच्या पाट्या घेऊन धावत. आता अंदाजपत्रक व मंजुरी यांची वाट पाहणे आले. खाडी तशी वाट पाहत नाही. बांध फुटल्यावर भरतीबरोबर तिवरांच्या बिया शेतात येतात आणि काही वर्षांतच भातखाचराचे कांदळवन होते.

नेमक्या याच टप्प्यावर मुंबईतील घडामोडी अलिबागला येऊन भिडतात. शहरात भराव टाकून कांदळवने नष्ट होत असल्याने बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. 6 ऑक्टोबर 2005 च्या अंतरिम आदेशाने राज्यभर कांदळवनतोडीवर बंदी आली व त्यांच्याभोवती 50 मीटरचा पट्टा राखण्यात आला. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने हे संरक्षण दृढ केले. नागरिकांच्या पुढाकारातून उभे राहिलेले हे संवर्धन मुंबईसाठी मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु मुंबईत तिवर तोडली जात होती ती बांधकामासाठी. खारेपाटात ती उगवली ती बांध न बांधल्यामुळे. या दोहोंना एकच नियम लागू झाला. बांधाची दुरुस्ती रखडल्याने ज्याचे शेत गेले, त्या शेतकऱ्याला ते परत मिळविण्यासाठी आता वनकायद्याशीही सामना करावा लागतो.

राज्याने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. पुढे 2017 च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेने खेकडेपालन, कालवपालन यांसारख्या व्यवसायांसाठी गावसमित्यांना वाव दिला. लोकांना पुन्हा व्यवस्थापनात स्थान देण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. मात्र तो आधीच उभ्या असलेल्या कांदळवनापासून सुरू होतो, बांधापासून नव्हे. आज बांध व उघाडी खारभूमी विभागाकडे, कांदळवन वनविभागाकडे आणि त्याच भूखंडाचा सातबारा महसूल खात्याकडे आहे. त्या सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव अद्याप आहे, पीक मात्र नाही.