तक्त्यांचाही एक तक्ता

मागच्या वेळी आपण ग्रंथालयाच्या सूचीबद्दल बोललो. आजचा विषय त्याच्याच पुढचा, पण संगणकातला. डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत ठेवतात. मग कोणकोणती टेबलं आहेत, कोणत्या टेबलात कोणते रकाने आहेत, ही माहिती कुठे ठेवायची? आणि ती कुणाला बघता यावी? प्रश्न तांत्रिक वाटतो. मला तो ज्ञानाच्या मालकीचा वाटतो.

आधी 1960 चं दशक बघा. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो मोहिमेच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून आली. तिच्यात माहिती वंशावळीसारखी रचलेली असे. नोंद हवी तर तिच्यापर्यंतची वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक हवी. चार्ल्स बाखमन यांनी 1973 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात प्रोग्रॅमरला जहाजाची वाट ठरवणाऱ्याचीच उपमा दिली. आपल्या जुन्या कचेऱ्या आठवा. कुठला कागद कुठल्या रुमालात बांधलाय, हे एका जुन्या कारकुनाला ठाऊक. तो रजेवर गेला की सगळं काम ठप्प!

एडगर कॉड यांना हे परावलंबन खटकलं. हे गणिती जन्माने इंग्लंडचे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते, पुढे आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत आले. जून 1970 मध्ये त्यांचा रिलेशनल पद्धतीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माहिती यंत्रात कशी रचली आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असायची गरज पडू नये. नोंदींचा क्रम, निर्देशिका आणि पोचायची वाट, या तिन्हींपासून त्याला मोकळं करा. त्याच्यासमोर फक्त साधी टेबलं ठेवा.

पण बघा, वाट ठाऊक असायची गरज संपली तरी टेबलाचं नाव ठाऊक हवंच. ते कोण सांगणार? पुन्हा कारकूनच? 1970 च्या दशकात बर्कलीत इन्ग्रेस आणि आयबीएममध्ये सिस्टिम आर असे दोन मोठे प्रयोग झाले. दोघांनी एकच उत्तर दिलं: टेबलांची माहितीही टेबलांतच ठेवा. इन्ग्रेसमध्ये 'रिलेशन' नावाचं एक टेबल होतं. डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलासाठी त्यात एक ओळ, आणि त्यात त्याची स्वतःची ओळही आलीच.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कान इथे टवकारतात. रसेलचा विरोधाभास आठवला ना? स्वतःची नोंद न करणाऱ्या सगळ्या सूच्यांची एक सूची केली, तर तिने स्वतःची नोंद करायची की नाही? केली तरी पंचाईत, न केली तरी पंचाईत. डेटाबेसच्या सूचीला ही अडचण येत नाही, कारण ती कुणाला वगळत नाही, स्वतःलाही नाही. मात्र एक गोष्ट उरतेच. सूची वाचायची म्हणजे सूचीचा आकार आधी ठाऊक हवा. तेवढं ज्ञान प्रोग्रॅममध्येच घालून द्यावं लागतं. सगळंच ज्ञान टेबलात मावत नाही.

पुढे 'रिलेशनल' हा शब्द बाजारात खपू लागला आणि जो तो आपल्या मालावर ते लेबल लावू लागला. तेव्हा ऑक्टोबर 1985 मध्ये कॉड यांनी 'कॉम्प्युटरवर्ल्ड'मध्ये आपले प्रसिद्ध नियम मांडले. त्यातला चौथा आपल्या कामाचा: डेटाबेसचं वर्णन नेहमीच्या माहितीसारखंच ठेवा, म्हणजे ज्याला परवानगी आहे त्याला ते त्याच भाषेत विचारता येईल. वेगळी किल्ली नको. 1992 च्या एसक्यूएल मानकात यासाठी 'इन्फर्मेशन स्कीमा' आली. तिच्या 'टेबल्स' आणि 'कॉलम्स' या तक्त्यांना साधा 'सिलेक्ट' लावला की यादी समोर येते. मायएसक्यूएलमध्ये 'शो टेबल्स' आणि 'डिस्क्राइब' असे आटोपशीर हुकूमही आहेत.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली: ही सूची ज्याला जेवढा अधिकार तेवढंच दाखवते. तुम्हाला बारा टेबलं दिसली म्हणजे बाराच आहेत असं नव्हे. दुसरी: सूची आकार सांगते, अर्थ सांगत नाही. रकान्याचं नाव 'स्थिती', त्यात आकडा 3. तीन म्हणजे मंजूर की नामंजूर? ते पुन्हा कुणाच्या तरी डोक्यात!

म्हणून मला हा इतिहास केवळ संगणकाचा वाटत नाही. आपल्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम काढून वाचा. माहिती मागण्याचा हक्क सोपा व्हावा म्हणून सरकारी कार्यालयांनी आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत आणि आपल्याकडे कोणत्या प्रकारचे दस्तऐवज आहेत ते स्वतःहून जाहीर करावं, असं ते सांगतं. का? कारण काय आहे हेच ठाऊक नसेल, तर मागणार काय? योगायोग असा की कॉड यांचा नियमही चौथाच. दोघांची तळमळ एकच आहे. माहिती उघडी असणं पुरेसं नाही, तिची यादीही उघडी हवी. आणि ती यादी कारकुनाच्या मर्जीवर नको.