उन्हाचें वाळवण आणि विजेची पेटी

माझ्या नातीनें फळें वाळविण्याची विजेची पेटी आणिली आणि राजापेठेंतील आमची गच्ची ओस पडली. पेटींत असतें काय? ६० अंशांच्या आसपासची ऊब व वाहती हवा! वऱ्हाडचा वैशाख हें दोन्ही फुकट देई, म्हणून घरोघर आंबोशी होई. संत्र्याचा आंबिया बहार मात्र थंडीच्या तोंडीं येतो. तें रसाळ फळ कोवळ्या उन्हांत वाळण्याआधींच नासतें. तेथें पेटीचा विजय मी मान्य करतों. परंतु वाळवण ही केवळ हौसेची गोष्ट नव्हती. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मेळघाटाची दैना झाली. तेथील कोरकूंना मोहाचीं वाळविलेलीं फुलें हा पोटाचा आधार असे.

परवां वीज गेली. नातीनें ओल्या फोडी गच्चीवर नेल्या. वर पसरावयास मलमलीचें फडकें मात्र मलाच शोधावें लागलें.