एका खुर्चीचे तीन धनी

आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून नेमला जातो. अमेरिकेत तो लोकांनी निवडून द्यायचा आणि राज्याचा गाडाही त्यानेच हाकायचा. पण जॉर्जिया राज्यात १८७२ पासून थेट २००३ पर्यंत राज्यपाल डेमोक्रॅटिक पक्षाचाच! साहजिकच नोव्हेंबरातले मतदान नावापुरते. खरी कुस्ती उन्हाळ्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत व्हायची.

१९४६ च्या जुलैत या कुस्तीत यूजीन टॅल्मेजला जेम्स कार्मायकेलपेक्षा सुमारे १६ हजार मते कमी पडली, आणि तरीही तोच जिंकला. कारण तेथे माणसे मोजीत नसत, काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे म्हणा, मोजीत. अटलांटासारख्या शहराच्या काउंटीला गुण ६, तर चिमुकल्या खेडवळ काउंटीलाही २! न्यायालयाच्या निकालाने त्या वर्षी काळ्या मतदारांना या निवडणुकीचे दार उघडले होते. ते पुन्हा लावून घेण्याचे वचन देऊनच टॅल्मेज उभा होता. माझ्या मते सारे रामायण घडले ते यासाठी.

नोव्हेंबरात तो निवडून आला आणि डिसेंबरात, शपथेपूर्वीच, वारला. वडिलांची प्रकृती ओळखून काही पाठीराख्यांनी मतपत्रिकेवर मुलाचे, हर्मनचे, नाव हाताने लिहून ठेवले होते. उरलेल्यांतून राज्यपाल निवडण्याचा हक्क आपला, असे विधिमंडळ म्हणू लागले. मोजणी झाली : कार्मायकेल ६६९, हर्मन ६१७. मग टॅल्मेजांच्याच टेल्फेअर काउंटीत आणखी ५८ मते 'सापडली'! पुढे अटलांटा जर्नलच्या जॉर्ज गुडविनने तपास केला, तो मतदार अक्षरानुक्रमाने रांगेत आलेले, आणि त्यांत काही मेलेलेही. या बातमीला १९४८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१५ जानेवारी १९४७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, विधिमंडळाने हर्मनला निवडले. मावळते राज्यपाल एलिस आर्नल जागचे हलेनात, तेव्हा हर्मनच्या माणसांनी कचेरीची कुलपेच बदलली. उपराज्यपाल मेल्व्हिन थॉम्प्सन म्हणे, खुर्ची माझी. राज्याचे चिटणीस बेन फोर्टसन यांनी तर राज्याची मोहोर आपल्या चाकांच्या खुर्चीत लपवली आणि तिच्यावर बसून राहिले! मला या साऱ्यांत तेच अधिक आवडतात.

१९ मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ असा थॉम्प्सनच्या बाजूने निकाल दिला. हर्मन मुकाट्याने बाहेर पडला आणि १९४८ साली रीतसर निवडून परत आला. काउंट्यांच्या गुणांची ती पद्धत मात्र १९६२ पर्यंत चालू होती.