अर्ध्या पैशाचा हिशेब

संख्या ही वस्तुतः एकच. परंतु ती मांडावयाचे सांचे अनेक. कोणत्या कामास कोणता सांचा घ्यावा, हा प्रश्न आज संगणकावर हिशेब ठेवणारांपुढें नित्य उभा राहतो, आणि म्हणून तो या यंत्रानेंच निर्माण केला असा पुष्कळांचा समज झालेला दिसतो. वास्तविक तो फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा आमच्या खानदेशांतून गेलेला आहे.

चाळीसगांवजवळ, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, पाटण नांवाचें स्थान आहे. तेथील देवीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण याच्या कारकीर्दींत, इ. स. १२०७ च्या सुमारास, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं येथें मठ स्थापिला, असें तो लेख सांगतो. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. बाजारांतील मालावरचें अमुक उत्पन्न मठास द्यावें, घाण्यामागें पळीभर तेल द्यावें, अशी त्यांत व्यवस्था आहे. ग्रहांच्या गतीचें गणित विकलेपर्यंत शिकवावयाचें आणि मठाचें तेल मात्र पळीनें मोजावयाचें, यांत विसंगति मुळींच नाहीं. ज्या वस्तूस जें माप, तेंच तिला शोभतें.

हाच विवेक भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ त (इ. स. ११५०) दिसतो. वर्तुळाचा परीघ काढण्यास त्यांनीं दोन रीति दिल्या : व्यासास ३९२७ नें गुणून १२५० नीं भागावें, ही सूक्ष्म, २२ नें गुणून ७ नीं भागावें, ही स्थूल, पण व्यवहारास पुरेशी. सात हात व्यासाच्या विहिरीस दोन्ही रीति लावून पाहिल्या तर उत्तरांत हाताच्या शंभराव्या भागाइतकाहि फरक पडत नाहीं. व्यास हजार हात केला, कीं तो सव्वा हाताहून अधिक होतो. स्थूल रीति आचार्यांनीं त्याज्य ठरविली नाहीं; तिला स्थूल हें नांव देऊन ठेवलें. चूक किती सोसावयाची, हें वापरणारानें जाणून ठरवावें, एवढाच त्यांचा आग्रह.

त्याच ग्रंथांतील दुसरी एक युक्ति याहून मार्मिक आहे. ज्या संख्येचें वर्गमूळ पूर्ण येत नाहीं, तिला आधीं एखाद्या मोठ्या वर्गसंख्येनें गुणावें, मूळ काढावें, आणि मग त्या वर्गाच्या मुळानें भागावें. १६९ छेद ८ या अपूर्णांकाचें मूळ काढतांना आचार्य अंश व छेद यांच्या गुणाकारास, म्हणजे १३५२ यास, दहा हजारांनीं गुणतात. आसन्न मूळ ३६७७ घेतात. त्यास ८०० नीं भागून ४ पूर्णांक ४७७ छेद ८०० हें उत्तर देतात. सारें काम पूर्णांकांत करून अपूर्णांक शेवटीं उघडावयाचा, असा हा प्रकार आहे. पुढें याची गांठ पडणार आहे.

व्यवहाराचें गणित मात्र निराळ्या वाटेनें वाढलें. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत (स्थापना १९२७) मोडी कागद चाळणारास पाव, अर्धा व पाऊण यांच्या खुणा परिचयाच्या असतात. आमच्या वडील पिढीनें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत केल्या. त्या सर्वांचा पाया निम्मे करीत जाणें हाच होता. रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे, हेंहि निम्म्यांचेंच राज्य. १९२ पयांपाशीं तेवढा तिनाचा शिरकाव झाला.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें सुरू झालें. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. परंतु पाव पैशाचें नाणें नव्हतें. तेव्हां कोष्टक असें झालें : एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९, चोहोंचे २५. चार आणे बरोबर जुळले. मधल्या जागीं कोणाचें तरी थोडें गेलें. एक आण्याची वस्तु आठ वेळां घेणारानें नव्या नाण्यांत ५० ऐवजीं ४८ पैसे दिले. तीन आण्यांची आठ वेळां घेणारानें १५० ऐवजीं १५२. अर्धा पैसा कोठें छाटावा, हा प्रश्न गणिताचा वाटतो. पण त्यांत कोणाच्या तरी खिशाचा न्याय दडलेला असतो.

आतां यंत्राकडे वळूं. संगणकाचा ‘फ्लोट’ हा सांचा द्विमान आहे. म्हणजे तोहि निम्मे करीत जाणारा. गंमत अशी, कीं आमचा आणा (एक सोळांश) त्यांत तंतोतंत बसतो, पण दशमानाचा दहा पैशांचा भाग (एक दशांश) कधींच बसत नाहीं. दहामध्यें पांचाचा अवयव आहे. म्हणून त्या सांच्यांत ०.१ व ०.२ मिळविले, तर दशांशचिन्हापुढें सतराव्या स्थानीं एक ४ उगवतो. ‘इंटीजर’ हा सांचा याच्या उलट टोकाचा : त्यांत ठेवलेल्या सातांस दोहोंनीं भागा, कित्येक डेटाबेस निर्विकारपणें ३ उत्तर देतात. ‘डेसिमल’ या सांच्यांत एकंदर अंक किती व चिन्हापुढें किती, हें आधींच बांधून दिलेलें असतें. अथवा पैशांचीच पूर्ण संख्या ठेवून दाखवितांना शंभरानें भागतात. हीच ती ‘लीलावती’ तील युक्ति. आचार्यांचे दहा हजार तेवढे शंभरावर आले.

निष्काळजीपणाचें फळ काय, तें व्हँकुव्हरच्या शेअरबाजारानें दाखविलें. १९८२ च्या जानेवारींत १००० वर आरंभिलेला तेथील निर्देशांक प्रत्येक व्यवहारागणिक तीन दशांशस्थळांपुढें छाटला जाई. १९८३ च्या नोव्हेंबरांत तो ५२४.८११ वर उतरला. चूक सुधारतांच १०९८.८९२ निघाला! बाजार पडला नव्हता. हिशेबाची कात्री चालली होती.

तात्पर्य, मोजमाप, तापमान, ताऱ्यांचीं अंतरें यांस फ्लोट योग्य आहे. तेथें मूळ मापच आसन्न असतें. पैसा व सोनें यांच्या हिशेबास डेसिमल. आणि पडद्यावर दोन स्थळें दाखविणें निराळें व सांठ्यांतली संख्या छाटणें निराळें, हा भेद विसरूं नये. तरीहि विवेकाचें काम संपत नाहीं. शंभर रुपये तिघांत वांटले, तर प्रत्येकीं ३३.३३ जाऊन एक पैसा उरतोच. तो कोणाचा, हें कोणताहि सांचा सांगत नाहीं. तें माणसानें ठरवावें, आणि ठरविलें तें उघड लिहून ठेवावें. आठशें वर्षांमागें स्थूलास स्थूल म्हणण्याचा प्रामाणिकपणा ज्या ग्रंथानें दाखविला, तो शिकविण्यासाठींच पाटणचा मठ उभा राहिला होता.