सरजेचे म्हणणे कोणी छापले?

नायगाव आमच्या खंडाळा तालुक्यातले. ३ जानेवारीला तिथे गर्दी होते, भाषणे होतात, सावित्रीबाईंच्या पुतळ्याला हार पडतात. पण २९ ऑगस्ट १८६८ रोजी याच गावाहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र किती जणांनी वाचले आहे? मी कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. हे पत्र मी दरवर्षी वर्गात वाचते.

गणेश ब्राह्मण, सरजा महाराची मुलगी. तिला सहावा महिना. गावाने दोघांना मारझोड करीत फिरवले, जीव घ्यायचे ठरवले. सावित्रीबाई धावल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली, दोघांना वाचवले. गाव मात्र त्यांना सोडावेच लागले.

एका पोरीने विचारले, "मॅडम, सरजा काय म्हणाली?" मी गप्प झाले. पत्रात सरजेचे रडणे आहे, तिचे बोलणे नाही.

तिचे बोलणे छापणे अशक्य होते काय? तेरा वर्षे आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताचा निबंध 'ज्ञानोदया'ने दोन अंकांत छापला होता. बाळंत होणाऱ्या महार-मांग बाईच्या डोक्यावर छप्परही नसते, हे त्या मांगाच्या मुलीने लिहिले. मुक्ताला शाळा मिळाली, छापखाना मिळाला. सरजेला दोन्ही नाही.

मग वाटते, शिक्षण आले की प्रश्न सुटला. तसेही नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि दोन मुलगे मारले गेले. प्रियांका शिकत होती. तरी मोठ्या वृत्तपत्रांत कित्येक दिवस या हत्याकांडाला नीट जागा मिळाली नाही, आणि 'अनैतिक संबंधां'ची कहाणी पसरली. जीव गेला तो गेलाच, वर चारित्र्यही गेले. बातमी लिहिणारा हात आपला नव्हता.

आणि आपली स्वतःची पाने? 'मूकनायक' १९२० मध्ये निघाला तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. पण त्या मुक्यांत आपल्या आया-बहिणी आपण मोजल्या का? चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांना विचारून, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले, ते १९८९ मध्ये. तोवर कितीजणी न बोलताच गेल्या!

त्या पोरीला मी एवढेच सांगितले: सरजेला आता विचारता येणार नाही. तुझ्या आजीला येईल. वही घेऊन आजच घरी जा.